सात, सात, सहा : नील पिअर्ट आणि त्याचे मोजणारे चाहते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना मी टेबलावर बोटांनी बरंच काही वाजवलं होतं, ते इथे शब्दांत लिहिलंय. तेवढं चालवून घ्या.

तर, नोव्हेंबर २००२. ब्राझीलमधलं रिओ शहर आणि तिथलं मराकाना स्टेडियम. एरवी इथे फुटबॉल चालतो, पण त्या रात्री साधारण ४०,००० लोक एका कॅनेडियन बँडसाठी जमलेत. बँडचं नाव रश. स्टेजवर माणसं तीनच. बास आणि आवाज गेडी लीचा, गिटार अ‍ॅलेक्स लाइफसनची, आणि मागे ड्रमच्या गराड्यात बसलेला नील पिअर्ट. ते 'वायवायझेड' नावाची रचना सुरू करतात. या रचनेला शब्द नाहीत. एकही नाही. तरी ते स्टेडियम ती गातं! गिटारची धून लोक तोंडाने गातात, तालावर उड्या मारतात, आणि ड्रमची ठरलेली जागा आली की हात हवेत आपटतात, बरोब्बर त्या क्षणी. 'रश इन रिओ' नावाच्या डीव्हीडीवर हे सगळं आहे. मोबाइलवर शोधलंत तरी सापडेल.

आजचा भाग या लोकांबद्दल आहे, आणि ज्याच्यासाठी ते हवेत हात आपटत होते त्या माणसाबद्दल.

आधी ती रचना समजून घेऊ. वायवायझेड हा टोरांटोच्या विमानतळाचा कोड. मुंबईचा जसा बीओएम, तसा. विमानांना आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून रेडिओवरून हा कोड मोर्समध्ये सतत जात असतो. रशवाल्यांनी तो ऐकला आणि त्यातली लय जशीच्या तशी उचलली. मोर्समध्ये 'वाय' म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. 'झेड' म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड. आता लांबला दोन मात्रा धरा आणि आखूडला एक. 'वाय'च्या झाल्या सात. दुसऱ्या 'वाय'च्या पुन्हा सात. 'झेड'च्या सहा. सात, सात, सहा, एकूण वीस. मांडीवर वाजवून बघा. (लोकलमध्ये असाल तर स्वतःच्याच मांडीवर.) तबला शिकलेल्यांना सात म्हटलं की रूपक आठवेल, आणि विसाचे निम्मे दहा म्हणजे हा झपतालच की, असंही कुणीतरी म्हणेल. तसं नाहीये. झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन असे पडतात, त्याची चाल वेगळी. इथे तुम्ही दहाच्या भरवशावर राहिलात तर दुसऱ्याच आवर्तनात घसरता. मोजावंच लागतं.

आणि हे मोजणं मला महत्त्वाचं वाटतं. गायकावर जीव जडतो तो आवाजामुळे, शब्दांमुळे, चेहऱ्यामुळे. त्याने आपल्या मनातलं म्हटलं असं वाटतं. ड्रमरने आपल्या मनातलं काहीच म्हटलेलं नसतं. त्याचा चाहता हातांचा चाहता असतो. माझा मावसभाऊ २००९ च्या डिसेंबरात पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगोत पॉर्क्युपाइन ट्री हा बँड ऐकायला गेला होता. स्टीव्हन विल्सनने त्या रात्री कोणती गाणी गायली ते त्याला आज धड सांगता येत नाही. ड्रमवरच्या गॅव्हिन हॅरिसनने कुठल्या झांजेवर कधी मारलं, ते मात्र तो जेवणाच्या ताटावर वाजवून दाखवतो. मावशी ओरडते.

म्हणजे हात पाठ आणि माणूस अनोळखी. विचित्रच नातं आहे हे. आणि नील पिअर्टच्या आयुष्यात या नात्याची जेवढी परीक्षा झाली, तेवढी क्वचितच कुणाच्या झाली असेल.

हे चाहते आले कुठून? १९६९-७० च्या इंग्लंडमध्ये काही बँडना तीन मिनिटांचं गाणं अपुरं पडायला लागलं. किंग क्रिम्झन, येस, इमर्सन लेक अँड पामर ही त्यातली मोठी नावं. रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापणारं वीस-वीस मिनिटांचं गाणं, मध्येच बदलणारा ताल, मध्येच शास्त्रीय संगीताचा तुकडा. याला नाव पडलं प्रोग्रेसिव्ह रॉक, लाडाने प्रॉग. लोक यावर नाचत नव्हते, बसून ऐकत होते. आणि श्रोता बसला की ड्रमरला मोकळं रान मिळतं, कारण नाचणाऱ्याचा पाय चुकेल ही भीती उरत नाही. कार्ल पामरने तर स्टेनलेस स्टीलचा ड्रमसेट बनवून घेतला, प्रचंड जड. बिल ब्रुफर्डची गोष्ट याच्या अगदी उलटी. १९७२ मध्ये येसचा 'क्लोज टू द एज' हा अल्बम रेकॉर्ड झाला, बँड जोरात होता, पैसा दारात उभा होता, आणि हा पठ्ठ्या उठून किंग क्रिम्झनमध्ये गेला. का? तिथे जास्त शिकायला मिळेल म्हणून. पुढे २००९ मध्ये त्याने जाहीर वादन थांबवलं आणि २०१६ मध्ये सरे विद्यापीठाची पीएचडी घेतली. विषय, ड्रमरची सर्जनशीलता. खरं सांगू? निव्वळ कल्पकतेत मला ब्रुफर्ड पिअर्टच्या पुढचा वाटतो. पण चाहत्यांचा इतिहास लिहायचा तर तो पिअर्टचाच लिहावा लागतो.

(उच्चार 'पर्ट' नाही, 'पिअर्ट'. हे न सांगता पुढे गेले तर मला मेसेज येतील.)

जन्म १९५२ चा, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला. लहानपणी जीन क्रूपा या जॅझ ड्रमरवरचा सिनेमा पाहिला आणि पोरगं बिघडलं. तेराव्या वाढदिवसाला आईवडिलांनी दिल्या काठ्या, सरावाचा पॅड आणि शिकवणी. ड्रमसेट नाही. वर्षभर टिकलास तर बघू, असं सांगितलं. मध्यमवर्गीय आईबाप जगभर सारखेच! पुढे तो स्वतः चाहता झाला तो 'द हू' बँडच्या कीथ मूनचा. आणि इथे एक गंमत आहे. मूनची गाणी प्रत्यक्ष वाजवायची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ती आवडत नाहीयेत. म्हणजे ऐकायला आवडतात, वाजवायला नाही. मून हा बेफाम वाजवणारा, आणि याला प्रत्येक ठोका आधी ठरवून मारायचा असायचा. मूर्तीपुढून उठला तेव्हा त्याला स्वतःचा हात सापडला.

अठराव्या वर्षी नशीब काढायला लंडनला गेला. तिथे पर्यटकांना शोभेच्या वस्तू विकल्या, दीड वर्षाने परत आला आणि वडिलांच्या शेती-यंत्रांच्या सुट्या भागांच्या धंद्यात कामाला लागला. मग १९७४ च्या जुलैमध्ये रशचा आधीचा ड्रमर प्रकृतीमुळे बाहेर पडला आणि पिअर्टला बोलावणं आलं. २९ जुलैला तो बँडमध्ये आला, १४ ऑगस्टला अमेरिकेत पिट्सबर्गला ११,००० लोकांसमोर बसला. मध्ये दोन आठवडे. गाणी लिहायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं, कारण तो पुस्तकं वाचायचा. प्रेमाने नाव पडलं 'प्रोफेसर'. १९७६ चा '२११२' आणि १९८१ चा 'मूव्हिंग पिक्चर्स' या अल्बमनी बँड मोठा केला. वायवायझेड याच दुसऱ्या अल्बमवरची.

चाहत्यांकडे तेव्हा इंटरनेट नव्हतं. 'मॉडर्न ड्रमर' हे अमेरिकी मासिक होतं, १९७७ पासूनचं. त्यात दरवर्षी वाचकांचं मतदान व्हायचं. सर्वोत्तम रॉक ड्रमर कोण? पोरं पोस्टाने मतं पाठवायची आणि पिअर्ट जिंकायचा. पुन्हा जिंकायचा. इतका, की शेवटी मासिकाने त्याला सन्मान-यादीत टाकलं, म्हणजे इतरांना वाट मिळावी. १९८३ मध्ये त्याच मासिकाच्या हॉल ऑफ फेममध्ये तो गेला तेव्हा तो होता ३० वर्षांचा, आणि तिथे पोचलेला सगळ्यांत तरुण.

आणि या माणसाला चाहत्यांसमोर उभं राहायचं म्हटलं की घाम फुटायचा. हे सोंग नव्हतं. कार्यक्रमाआधी चाहत्यांना भेटायचं काम गेडी आणि अ‍ॅलेक्स करायचे. पिअर्ट त्यात नसायचा. नव्वदच्या दशकात तर तो एका शहरातून दुसऱ्या शहरात मोटरसायकलने जाऊ लागला. हेल्मेट घातलं की संपलं, प्रोफेसर गायब. 'लाइमलाइट' हे त्याचं गाणं याच अडचणीबद्दल आहे, आणि गंमत अशी की चाहते तेही गाणं त्याच्यासमोर मोठ्याने म्हणायचे. बरेच जण त्याला शिष्ट म्हणायचे. मला तसं वाटत नाही. कारण वादनात त्याने कधी हात आखडता घेतला नाही. रोज रात्री तीन तास तो पूर्ण देऊन टाकायचा. फक्त त्यानंतरचं मागू नका, इतकंच त्याचं म्हणणं.

आता मला सगळ्यांत आवडणारा किस्सा. १९९१ मध्ये त्याला थोर जॅझ ड्रमर बडी रिचच्या स्मृतिकार्यक्रमात बोलावलं. त्याने वाजवलं आणि त्याचं त्यालाच ते पटलं नाही. पुढे १९९४ च्या सुमारास रिचच्याच स्मरणार्थ तो एक अल्बम करत होता. तिथे त्याच्या लक्षात आलं की स्टीव्ह स्मिथ हा ड्रमर अचानक फार सुंदर वाजवतोय. विचारल्यावर कळलं, फ्रेडी ग्रुबर नावाच्या म्हाताऱ्या गुरूकडे जातोय. मग पिअर्टही गेला. विचार करा. चाळिशी ओलांडलेली, जगभरची पोरं ज्याला देव मानतात असा माणूस, आणि तो काठी धरायची कशी इथपासून सुरुवात करतो. पकड बदलली, बसण्याची उंची बदलली, घरी रोज रियाज. एखाद्या तयार गवयाने चाळिशीनंतर पुन्हा नुसता षड्ज लावत बसावं, तसं. १९९६ च्या 'टेस्ट फॉर एको' अल्बमवर त्याचा बदललेला हात ऐकू येतो असं जाणकार सांगतात. मला सांगाल तर फरक ठोक्यांपेक्षा दोन ठोक्यांमधल्या जागेत आहे. ग्रुबरचा भर त्यावरच असायचा, काठी खाली आपटण्यापेक्षा ती हवेत फिरते कशी यावर.

शिकण्यावरून आठवलं. टूल या बँडच्या डॅनी केरीने आलोक दत्ता यांच्याकडे तबला शिकला. टूलच्या 'सॅलिव्हल'मधल्या 'पुशिट'च्या मैफिलीतल्या रूपात दत्तांचा तबला आहेही. मी सहा वर्षं तबला शिकले, आणि केरीचं वाजवणं ऐकताना बोल मनात आपोआप उमटतात. आपल्याकडून उलट्या दिशेनेही एक माणूस गेला. शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू, जन्म मुंबईचा. ड्रम, तबला आणि पाण्याची बादली असं सगळं शेजारी मांडून ते जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर वाजवत होते. वाजवता वाजवता झांज पाण्यात बुडवायची की तिचा सूर खाली घसरतो. त्यांच्यावर स्वतंत्र भाग करायचा आहे, म्हणून इथे थांबते.

तर पिअर्ट. १० ऑगस्ट १९९७. त्याची एकुलती एक मुलगी सेलिना मोटार-अपघातात गेली. १९ वर्षांची होती. दहा महिन्यांत, जून १९९८ मध्ये, सेलिनाची आई जॅकलिन कर्करोगाने गेली. मुलीच्या अंत्यविधीच्या वेळीच त्याने सोबत्यांना सांगून टाकलं होतं की मी निवृत्त झालो असं समजा. मग तो मोटरसायकलवर बसला आणि निघाला. उत्तर अमेरिका, खाली मेक्सिको, आणखी खाली. चौदा महिन्यांत ८८,००० किलोमीटर. त्यावर त्याचं 'घोस्ट रायडर' हे पुस्तक आहे, २००२ चं. या सगळ्या काळात रश बंद होता. गेडी आणि अ‍ॅलेक्सने दुसरा ड्रमर घेतला नाही. वाट बघतोय असंही जाहीर केलं नाही. ते नुसते थांबले. २००१ मध्ये पिअर्ट परत आला, हळूहळू हात चालायला लागला, आणि २००२ मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' हा अल्बम आणि दौरा.

रिओ त्या दौऱ्याच्या शेवटी होतं.

ते चित्रीकरण आता पुन्हा लावा. रश दक्षिण अमेरिकेत कार्यक्रमासाठी पहिल्यांदाच आला होता. समोरच्या लोकांनी इतकी वर्षं फक्त कॅसेट आणि सीडी ऐकल्या होत्या. मागे बसलेला माणूस पाच वर्षांपूर्वी काठ्या खाली ठेवून निघून गेला होता, हे त्यांना माहीत होतं. कुणी सांत्वनाची पाटी धरली नाही की काय ते मला सांगता येणार नाही, पण कॅमेऱ्यात दिसतं ते एवढंच की लोक सात-सात-सहा बरोबर मोजतायत. पिअर्टला चाहत्यांनी द्यावं असं काही असेल तर ते मला यापेक्षा वेगळं सुचत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला माइक पोर्टनॉय. १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात शिकणारी तीन पोरं, पोर्टनॉय, जॉन पेट्रुची आणि जॉन मायंग, रशच्याच तिकिटांसाठी रांगेत उभी होती. टेपवर रशचं 'बॅस्टील डे' चाललेलं. त्याचा शेवट ऐकून पोर्टनॉय म्हणाला, काय राजेशाही आहे हे! त्यावरून त्यांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं 'मॅजेस्टी'. ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं, म्हणून पुढे झालं ड्रीम थिएटर. म्हणजे प्रोग्रेसिव्ह मेटलमधला सगळ्यांत मोठा बँड अक्षरशः चाहत्यांच्या रांगेत जन्मला! पोर्टनॉय कायम त्या रांगेतलाच राहिला. एकाच शहरात दोन रात्री येणाऱ्यांना तेच तेच ऐकावं लागू नये म्हणून रोजची यादी बदलायचा. सरावाच्या आणि मैफिलींच्या रेकॉर्डिंगसाठी त्याने वेगळं लेबलच काढलं, कारण आपण चाहते असताना आपल्याला काय हवं असायचं ते त्याला ठाऊक होतं. साहजिकच चाहत्यांना वाटलं, हा आपला माणूस.

म्हणून २०१० च्या सप्टेंबरात तो बँड सोडून गेला तेव्हा घरातलं भांडण झाल्यासारखं झालं. त्याला थोडी विश्रांती हवी होती, बाकीच्यांना नको होती. सात ड्रमरांच्या चाचण्या झाल्या आणि त्याचं चित्रीकरण लोकांपुढे मांडलं गेलं. निवड झाली माइक मँजिनीची. तो त्याच बर्कलीत शिकवत होता, पक्की नोकरी सोडून आला. पुढची तेरा वर्षं त्याने काय वाजवलं याहून तो पोर्टनॉय नाही यावरच जास्त बोललं गेलं. त्याचे हात यंत्रासारखे आहेत, म्हणजे भावना नाही, असा आरोप. आता गंमत बघा, हाताची अचूकता पूजणारे हेच लोक! २०२२ मध्ये 'द एलियन' या गाण्याला ग्रॅमी मिळालं, बँडचं पहिलंच, आणि ड्रमवर मँजिनी होता. २०२३ च्या ऑक्टोबरात पोर्टनॉय परत आला. मँजिनी एक शब्द वाकडा न बोलता बाजूला झाला. चाहत्यांनी जल्लोष केला. मीही खूश झाले, नाही कशाला म्हणू? पण त्या जल्लोषात मँजिनीला नीट निरोप द्यायचा राहून गेला, हे मला अजून खटकतं. पोर्टनॉय इतका जवळचा झाला होता की त्याच्या खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्याचे हात कुणी मोजलेच नाहीत.

पिअर्टकडे परत येते. १ ऑगस्ट २०१५, लॉस एंजेलिस, फोरम नावाचं सभागृह. चाळिसाव्या वर्षाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम. हात-पाय दुखत होते, घरी लहान मुलगी होती आणि त्याने मनाशी ठरवलं होतं. चाळीस वर्षांत त्याने एक रेघ पाळली होती. कार्यक्रम संपला की तो ड्रमच्या मागूनच निघून जायचा, पुढे येऊन लोकांसमोर कधी उभा राहिला नव्हता. त्या रात्री तो उठला, ड्रमला वळसा घालून पुढे आला आणि गेडी-अ‍ॅलेक्सच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. ज्यांना कळायचं त्यांना तिथेच कळलं.

वर्षभरात मेंदूचा कर्करोग निघाला. साडेतीन वर्षं तो आजारी होता आणि बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. मित्रांना माहीत होतं, ते बोलले नाहीत. ७ जानेवारी २०२० ला तो गेला, वय ६७. बातमी १० तारखेला आली, म्हणजे घरच्यांना तीन दिवस मिळाले. आजच्या जगात एवढ्या प्रसिद्ध माणसाचं आजारपण लपून राहिलं हेच मला नवल वाटतं. काही चाहते तेव्हा दुखावले होते. आम्हाला निरोप घेऊ द्यायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. निरोप फोरमला घेऊन झाला होता.

मग २०२५ च्या ऑक्टोबरात बातमी आली की गेडी आणि अ‍ॅलेक्स पुन्हा दौऱ्यावर निघणार, २०२६ मध्ये, सुरुवात त्याच फोरमपासून. ड्रमवर अनिका निलेस. जर्मनीची, जन्म १९८३ चा, म्हणजे पिअर्ट त्या मासिकाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला त्याच वर्षीचा. जेफ बेकबरोबर वाजवून झालेलं, पण बहुतेकांना ती आधी माहीत झाली यूट्यूबमुळे. पिअर्टच्या पत्नीने आणि मुलीने या दौऱ्याला मनापासून शुभेच्छा दिल्या. तरी वाद पेटायचा तो पेटलाच. त्या खुर्चीवर कुणी बसावंच का?

ज्या मावसभावाचं ताट वाजतं, तो आधी विरोधी पक्षात होता. परवा फोन केला तर निलेसचे जुने व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावून बसला होता. एका ठोक्याचे पाच सारखे भाग करून वाजवण्यात तिची खासियत आहे, आणि याला ते पाच पकडायचे होते. मी विचारलं, "मग, बसावं का तिने?" म्हणाला, "थांब गं, मोजतोय."